‘लक्षणीय’ म्हणजे नेमकं किती?

पत्र

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. गेली ७ वर्षं कंडिशन मॉनिटरिंगचं काम करते, म्हणजे मोठ्या फिरत्या मशिन्सचं व्हायब्रेशन मोजून कुठलं बेअरिंग कधी त्रास देईल ते सांगते. गेल्या महिन्यात एका आयडी फॅनच्या, म्हणजे धूर ओढून घेणाऱ्या मोठ्या पंख्याच्या, एनडीई बेअरिंगचं (मोटरपासून लांबच्या टोकाचं) व्हायब्रेशन सारखं चढताना दिसलं. मी शेजारच्या सहकाऱ्याला म्हटलंसुद्धा, ‘हा फॅन काही महिना काढत नाही.’ मग ४ पानी रिपोर्ट लिहिला, ११ जणांना मेल केला. रीडिंग्ज, स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती व्हायब्रेशन आहे ते), ट्रेंडचा आलेख, सगळं दिलं. १८ दिवसांनी बेअरिंग गेलं, शाफ्टला मार बसला आणि प्लांट अडीच दिवस बंद राहिला. मीटिंगमध्ये साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, ‘तुम्ही स्पष्ट सांगायला हवं होतं.’ अहो, तिसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलंय!

आता मला दोन दिवसांच्या ‘बिझनेस कम्युनिकेशन’च्या कोर्सला पाठवताहेत. सहकारी म्हणतो, कोर्स कशाला, एआयकडून लिहून घेत जा. मला विचाराल तर मी इंजिनिअर आहे, लेखिका नाही. आकडे बरोबर देणं माझं काम, ते वाचणं त्यांचं. इंजिनिअरला चांगलं लिहिता यायलाच हवं का? रिपोर्ट नावं काढून सोबत जोडला आहे. सोमवारी दुसऱ्या एका फॅनचा रिपोर्ट द्यायचाय, तिथे रीडिंग ५.१ आलंय, तेव्हा जरा लवकर उत्तर द्याल का?

— वैतागलेली

उत्तर

तुमचा रिपोर्ट मी दोनदा वाचला. एकदा तुमच्याच धंद्यातला माणूस म्हणून. दुसऱ्यांदा तुमचे साहेब म्हणून: पुढची मीटिंग दहा मिनिटांवर आलेली, फोन वाजतोय आणि न वाचलेले चाळीस मेल समोर.

पहिल्या वेळी मी मान डोलावत वाचत होतो. सहा आठवड्यांची रीडिंग्ज, एकाच पॉइंटवर, एकाच लोडला घेतलेली: २.८, ३.१, ३.७, ४.४, ५.२, ६.३ मिमी प्रति सेकंद. स्पेक्ट्रममध्ये आउटर रेसची, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कड्याची, फ्रिक्वेन्सी आणि तिचे हार्मोनिक्स (तिच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सी) स्वच्छ दिसतात. ग्रीस कमी पडलंय का हे बघायला तुम्ही ग्रीस भरून पुन्हा मोजलंत, फरक पडला नाही, तेही नोंदवलंत. एवढी तसदी फार थोडे लोक घेतात. निदान अचूक होतं. तुमच्या जागी मी असतो तर मीही चिडलो असतो.

दुसऱ्या वेळी मला काय दिसलं? पहिल्या पानावर उद्देश, व्याप्ती, फॅनची नेमप्लेट आणि मोजण्याच्या उपकरणाच्या कॅलिब्रेशन सर्टिफिकेटचा नंबर. दुसऱ्या पानावर मोजण्याची पद्धत आणि मानकातल्या मर्यादांचा तक्ता. तिसऱ्या पानाच्या मध्यावर, दोन आलेखांच्या फटीत, ते तुमचं ‘स्पष्ट’ वाक्य. रिपोर्ट इंग्रजीत आहे, पण मराठीत आणलं तर ते साधारण असं होतं: ‘वरील निरीक्षणांवरून एनडीई बेअरिंगच्या व्हायब्रेशनमध्ये लक्षणीय वाढ झाल्याचे दिसून येत असून योग्य वेळी योग्य ती कार्यवाही करण्याबाबत विचार व्हावा.’

आता जरा तुमचं पत्र काढा आणि त्यातलं चौथं वाक्य बघा, सहकाऱ्याला तुम्ही बोललात ते. ‘हा फॅन काही महिना काढत नाही.’ सहा शब्द. कुठला फॅन, काय होणार, कधीपर्यंत, सगळं त्यात आलं. फॅन १८ दिवसांनी गेला, म्हणजे ते खरंही ठरलं. हे वाक्य तुम्हाला माहीत होतं, तोंडातून निघालंही होतं, आणि चार पानांत ते कुठेही नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर ‘हो’ आहे, पण कोर्सवाले देतील त्या कारणासाठी नव्हे. तुमची भाषा वाईट नाही. व्याकरण माझ्यापेक्षा बरं आहे. तुम्ही काम एक पायरी आधी थांबवलंत, एवढंच. मोजलं, निदान केलं, आणि त्याचा अर्थ काय, आता काय करायचं, हे ठरवायच्या जागी आल्यावर पेन खाली ठेवलंत. ती पायरी लेखनातली वाटते, पण ती इंजिनिअरिंगचीच आहे. ती तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला चढता येणार नव्हती, कारण स्पेक्ट्रम वाचता येणारी माणसं त्या ११ जणांत किती होती?

आधी ‘लक्षणीय’ या शब्दाकडे वळू. या शब्दाचा इतिहास चांगला नाही. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया हे अवकाशयान उडालं, आणि ८२ सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत असताना इंजिनिअरांनी हिशेब केला आणि नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइड्स ठेवल्या. त्यातली एक स्लाइड नंतर फार गाजली. तिचं शीर्षक दिलासा देणारं होतं: चाचण्यांची आकडेवारी पाहता, यानाला उष्णतेपासून वाचवणाऱ्या टाइलमध्ये फोम किती खोल शिरेल याचा अंदाज सुरक्षित बाजूलाच आहे, अशा अर्थाचं. खाली बुलेट, त्याखाली छोटे बुलेट, त्याखाली आणखी छोटे. ‘सिग्निफिकंट’ आणि ‘सिग्निफिकंटली’, म्हणजे आपला ‘लक्षणीय’, हे शब्द मिळून पाच वेळा, आणि दर वेळी अर्थ जरा वेगळा. अगदी तळाशी, सगळ्यात बारीक ओळींत, खरी गोष्ट: चाचणीत वापरलेला तुकडा ३ घन इंचांचा होता, आणि यानावर आदळलेला अंदाजे १९२० घन इंचांचा. म्हणजे ६४० पट. त्या चाचणीवरून या धडकेबद्दल काही सांगणंच धाडसाचं होतं. आणि या ६४० पटींसाठी स्लाइडवर शब्द काय होता? परिस्थिती चाचणीच्या मर्यादेच्या ‘लक्षणीय’ बाहेर आहे.

अधिकारी शीर्षक वाचून निश्चिंत झाले. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान तुटलं, सातही अंतराळवीर गेले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या चौकशी अहवालाने ही स्लाइड छापली आणि तांत्रिक अहवालांऐवजी स्लाइड्सवर काम भागवायची सवयच दोषी धरली. ती स्लाइड बनवणारे अडाणी नव्हते. आकडा त्यांनी लपवला नव्हता, दिला होता. तुमच्यासारखाच, तिसऱ्या पानावर.

‘लक्षणीय’ लिहिताना आपल्या डोळ्यांसमोर आलेख असतो, म्हणून तो शब्द आपल्याला भरलेला वाटतो. वाचणाऱ्यासमोर आलेख नसतो, त्याच्या हाती नुसतं टरफल येतं. तुमच्या फॅनचं म्हणाल तर: ४५० किलोवॅटची मोटर, पक्का काँक्रीटचा पाया. तुम्हीच तक्त्यात दिलंय की आयएसओ १०८१६-३ प्रमाणे अशा मशिनला ४.५ च्या वर दीर्घकाळ सतत चालवणं योग्य नाही आणि ७.१ च्या वर नुकसान होण्याइतकं व्हायब्रेशन मानतात. ६.३ कुठे बसतं आणि ७.१ कधी येईल, हे जोडायचं काम तुम्ही वाचणाऱ्यावर सोपवलंत. तक्ता दुसऱ्या पानावर, रीडिंग तिसऱ्यावर. साहेबांनी पान उलटून पुन्हा मागे जायला हवं होतं, हे खरं. पण त्यांनी ते केलं नाही, आणि पुढेही कुणी करणार नाही.

आता ‘विचार व्हावा’. यात कर्ताच नाही. विचार कुणी करायचा? कधी? काय केल्यावर तो झाला असं म्हणायचं? आणि ‘योग्य वेळी’! योग्य वेळ कुठली हे सांगण्यासाठीच तर तुम्हाला नेमलंय. रागावू नका, पण तुम्हाला स्पष्ट लिहिता येत नव्हतं म्हणून असं झालं, असं मला वाटत नाही. मला वाटतं, तुम्ही घाबरलात. समजा ‘फॅन थांबवा’ असं लिहिलं, थांबवला, बेअरिंग उघडलं आणि ते ठणठणीत निघालं तर? बंदचा दोष तुमच्या माथी. ‘विचार व्हावा’ लिहिलं की बेअरिंग टिकलं तरी तुम्ही बरोबर आणि गेलं तरी बरोबर. आपल्या धंद्यातलं बरंचसं गुळमुळीत लेखन भाषेच्या कमतरतेतून येत नाही, ते या सोयीतून येतं. मी स्वतः अशी वाक्यं वर्षानुवर्षं लिहिली आहेत, त्यामुळे त्यांचा वास मला लांबून येतो.

मी तो रिपोर्ट असा सुरू केला असता:

‘आयडी फॅन येत्या ५ दिवसांत थांबवून एनडीई बेअरिंग बदलावं, अशी माझी शिफारस आहे. व्हायब्रेशन ५ आठवड्यांत २.८ वरून ६.३ झालं आहे आणि वाढीचा वेग दर आठवड्याला वाढतोय. असंच चाललं तर आठवड्याभरात ते ७.१ ही मर्यादा ओलांडेल. बेअरिंगची आउटर रेस खराब झाली आहे. ग्रीस भरून फरक पडला नाही. बेअरिंग नेमकं कुठल्या दिवशी जाईल हे सांगता येत नाही, पण चालू मशिनमध्ये गेलं तर शाफ्टही खराब होऊ शकतो. बदलायला साधारण १० तास लागतील, सुटं बेअरिंग स्टोअरमध्ये आहे. फॅन थांबवणं शक्य नसेल तर रोज रीडिंग घ्यावं आणि ७.१ आलं की थांबवावा. यातलं काय करायचं ते बुधवारपर्यंत कळवावं.’

यात एकही भारी शब्द नाही. अलंकार नाही. जे ठाऊक नाही तेही सांगितलंय. बाकीची चार पानं याच्या मागे लावा, त्यांची गरज आहेच. शंका आली तर कुणीतरी ती उघडेल. आणि एक बघा: १० तास आणि स्टोअरमधलं बेअरिंग मी धरून चाललोय, कारण तुमच्या रिपोर्टात ते नाही. हा परिच्छेद लिहायला बसला असतात तर तिथे तुम्ही अडखळला असतात, उठून स्टोअरला फोन केला असतात. बेअरिंग नाही असं कळलं असतं तर शिफारसच बदलली असती. लिहिताना आपल्याच कामातलं भोक दिसतं, हा लेखनाचा मला झालेला सगळ्यात मोठा उपयोग. दुसऱ्याला कळणं वगैरे नंतर.

शब्दांचा माझा स्वतःचा एक किस्सा सांगतो, कारण तुम्हाला एकटीलाच कोर्टात उभं केल्यासारखं नको वाटायला. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एकदा शिफ्ट संपताना मी लॉगबुकात लिहिलं, ‘पंप २ तयार आहे.’ माझ्या मते पूर्ण वाक्य. सक्शन आणि डिस्चार्ज दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून, पंप रिकामा करून मी तो उघडायला तयार ठेवला होता. पुढच्या शिफ्टच्या माणसाने वाचलं, पंप चालवायला तयार आहे. त्याने स्टार्टचं बटण दाबलं. ब्रेकरला कुलूप आणि टॅग होता म्हणून काही झालं नाही. तेव्हा फिटर कपलिंगचं गार्ड काढत होता. पुढच्या शिफ्टच्या त्या माणसाने नंतर मला काय काय ऐकवलं ते या सदरात छापता येणार नाही. मी आधी तुमच्यासारखाच भांडलो, की टॅग लावला होता, बघायचं त्याचं काम नव्हतं का? होतं. पण ‘तयार’ हा शब्द माझा होता.

विमानांची देखभाल करणाऱ्या लोकांनी या रोगावर फार पूर्वी औषध काढलं. मॅन्युअल इंग्रजीत, आणि ते वाचणाऱ्या कित्येक मेकॅनिकांची मातृभाषा इंग्रजी नाही. म्हणून १९८० च्या दशकात त्यांनी एक आटोपशीर इंग्रजी ठरवून घेतलं, आज ते एएसडी-एसटीई१०० या नावाने ओळखलं जातं. ठरावीक शब्द, आणि शक्यतो एका शब्दाला एकच अर्थ. ‘क्लोज’ म्हणजे बंद करणं. ‘जवळ’ या अर्थी तो वापरायचा नाही. कृती सांगणारं वाक्य २० शब्दांच्या आत. असं लेखन वाचायला कंटाळवाणं असतं, आणि इंजिनाचं कव्हर उघडून त्यावर वाकलेल्या माणसाला नेमकं तेच हवं असतं.

इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्यांनीही असंच केलं. मार्च १९९७ च्या आरएफसी २११९ या दस्तऐवजात ‘मस्ट’, ‘शुड’ आणि ‘मे’ यांचे अर्थ बांधून टाकलेत. ‘मस्ट’ म्हणजे सूट नाही. ‘शुड’ म्हणजे सबळ कारण असेल तर सोडता येईल, पण परिणाम तोलूनमापून. ‘मे’ म्हणजे तुमची मर्जी. मला हे वाचून गंमत वाटली होती, कारण मराठीत यातलं निम्मं काम एक ‘च’ करतो. ‘फॅन थांबवायला हवा’ आणि ‘फॅन थांबवायलाच हवा’, यातला फरक कुठल्याही शाळकरी पोराला कळतो. तुमच्या रिपोर्टात तो ‘च’ नव्हता.

त्यावरून आठवलं. तुमचं सगळ्यात चांगलं वाक्य मराठीत बोललेलं होतं आणि सगळ्यात वाईट इंग्रजीत लिहिलेलं. हा योगायोग नाही. परक्या भाषेत लिहिताना आपण आधी तिचा गणवेश चढवतो, मग त्यात विचार कोंबतो. एड्सगर डायक्स्ट्रा हे डच संगणकशास्त्रज्ञ, प्रोग्रामिंगच्या जगातलं फार मोठं नाव. १९७५ च्या एका टिपणात त्यांनी म्हटलंय की गणिताकडे ओढा असण्याबरोबरच चांगल्या प्रोग्रामरची सगळ्यात महत्त्वाची पुंजी म्हणजे त्याचं मातृभाषेवरचं प्रभुत्व. मातृभाषेवरचं, बरं का, इंग्रजीवरचं नव्हे. तेव्हा रिपोर्टाचा पहिला परिच्छेद आधी मराठीत लिहा, जसा फोनवर सांगाल तसा. मग तो इंग्रजीत न्या. ‘विचार व्हावा’ तुमच्या तोंडात फोनवर येणारच नाही.

मेल ११ जणांना पाठवलात, त्याचंही सांगायचंय. अकरांपैकी प्रत्येकाला वाटलं असणार, दुसरे दहा आहेत. थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल, २८ मार्च १९७९ ची. गाभ्याचा अर्ध्याच्या आसपास भाग वितळला. कमी लोकांना ठाऊक असतं की त्याच बनावटीच्या दुसऱ्या एका भट्टीत १९७७ मध्ये तसाच व्हॉल्व्ह उघडा अडकला होता आणि ऑपरेटरांनी तशाच चुकीने आपत्कालीन पाणी कमी केलं होतं. तेव्हा भट्टी फार कमी शक्तीवर चालत होती म्हणून निभावलं. भट्टी बनवणाऱ्या कंपनीतल्या एका ज्येष्ठ इंजिनिअरने फेब्रुवारी १९७८ मध्ये मेमो लिहून बजावलं की भट्टी जास्त शक्तीवर असती तर इंधन उघडं पडलं असतं, ऑपरेटरांना नव्या सूचना द्या. अपघाताच्या १३ महिने आधी. तो मेमो आतल्या आत एका विभागातून दुसऱ्या विभागात फिरत राहिला, त्यावर शंका निघाल्या, त्या शंकांचा आणखी एक मेमो झाला. कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसांपर्यंत सूचना काही पोचल्या नाहीत. तुमच्या ११ जणांत फॅन थांबवायचा अधिकार कुणाला होता? मला वाटतं एकाला, फार तर दोघांना. मेल त्याला, बाकीच्यांना फक्त प्रत. आणि विषयाच्या ओळीत ‘मासिक व्हायब्रेशन रिपोर्ट’ असं नको. ‘आयडी फॅन ५ दिवसांत थांबवण्याची शिफारस’ असं हवं. तो मेल न उघडता पुढे जाणं कुणालाही जड जाईल.

तुमच्या साहेबांना मी सोडून देतोय असं समजू नका. ६.३ चा आलेख समोर असताना ‘म्हणजे काय करू?’ एवढं विचारणं त्यांचं कामच होतं. आणि स्पष्ट लिहिलं की सगळे ऐकतात, असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. ३१ जुलै १९८५ रोजी रॉजर बोइजोली नावाच्या इंजिनिअरने आपल्या कंपनीच्या उपाध्यक्षांना मेमो लिहिला. अवकाशयानाला लावायच्या रॉकेटच्या जोडातल्या रबरी रिंगांचा प्रश्न सोडवला नाही तर माणसं दगावतील, इतक्या उघड शब्दांत. चॅलेंजर या अवकाशयानाच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री तो आणि त्याचे सहकारी थंडीत उड्डाण नको म्हणून वाद घालत होते. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर उडालं आणि ७३ सेकंदांनी नष्ट झालं, सात जणांसह. त्याच्या मेमोत मला एक शब्द बदलावासा वाटत नाही. तरी काही झालं नाही. पण नंतर चौकशी आयोगापुढे तो कागद आला तेव्हा ‘तुम्ही स्पष्ट सांगायला हवं होतं’ असं त्याला कुणी म्हणू शकलं नाही. तुम्हाला मीटिंगमध्ये ते वाक्य ऐकून घ्यावं लागलं आणि हातात दाखवायला काही नव्हतं, तुम्हाला झोंबलंय ते हेच ना?

कोर्सला जा. पाठवताहेत तर भांडू नका, दोन दिवस जातील. मेलच्या शेवटी काय लिहावं, मीटिंगमध्ये हात कुठे ठेवावेत, असलं काहीबाही शिकवतील. एखादी गोष्ट उपयोगी पडलीच तर मला कळवा, मी अजून अशा कोर्समधून फारसं काही घेऊन आलेलो नाही.

एआयचं म्हणाल तर इंग्रजी सुधारायला खुशाल वापरा, मीही वापरतो. पण मी एक प्रयोग केला: तुमचं ते तिसऱ्या पानावरचं वाक्य त्याला दिलं आणि सुधार म्हटलं. वाक्य सुंदर झालं. ‘लक्षणीय’ तसाच राहिला, ‘विचार व्हावा’ आणखी गुळगुळीत झालं. त्याची काय चूक? फॅन थांबवायचा की नाही हे तुम्ही ठरवलेलं नव्हतं, ते त्याला कुठून कळणार. आधी मराठीत लिहिलेला तुमचा परिच्छेद त्याला द्या, मग भाषांतर आणि साफसफाई करू द्या. आणि परत आलेल्या मजकुरात आकडे आणि ‘च’ जागेवर आहेत ना, ते स्वतः तपासा.

लिहून झालं की एकदा मोठ्याने वाचा. शक्य असेल तर शिफ्टवरच्या ऑपरेटरला वाचायला द्या, दुसऱ्या इंजिनिअरला नको. इंजिनिअर तुमच्या गाळलेल्या जागा मनातल्या मनात भरून घेतो. वाचून झाल्यावर ‘कळलं का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘आता तुम्ही काय कराल?’ असं विचारा.

राहिला सोमवारचा रिपोर्ट. ५.१ एवढंच तुम्ही कळवलंत, त्यावरून मला काहीच सांगता येत नाही. मागच्या वर्षभरात किती होतं? तो फॅन दीड वर्ष ५ च्या आसपासच रेंगाळत असेल, स्पेक्ट्रममध्ये बेअरिंगची फ्रिक्वेन्सी नसेल, नुसता वन-एक्स (पंख्याच्या फिरण्याच्या वेगाइतकीच फ्रिक्वेन्सी) दिसत असेल, तर ते बहुधा इम्बॅलन्स आहे, म्हणजे वजनाचा तोल गेलाय, पंख्यावर धूळ बसली असेल. मग पहिली ओळ अशी: ‘फॅन आत्ता थांबवायची गरज नाही, पुढच्या ठरलेल्या शटडाउनमध्ये पंखा साफ करून बॅलन्सिंग करावं, तोवर दर आठवड्याला मोजावं.’ आणि दोन महिन्यांपूर्वी ३ असेल आणि आउटर रेस दिसायला लागली असेल, तर पहिली ओळ कशी लिहायची ते वर दिलंच आहे. दोन्हींतली कुठली, ते रविवारपर्यंत ठरवा. सुटं बेअरिंग स्टोअरमध्ये आहे का, तेवढं मात्र आजच विचारून घ्या.